काडीकचऱ्यातून इंधन : फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेची वाटचाल

१९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले. १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. जिल्हे दोन झाले, तरी शेतीच्या अंगाने हा मुलूख एकच आहे. कृष्णा, कोयना, वारणा आणि नीरा यांच्या पाण्यावर ऊस उभा राहतो. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या पर्जन्यछायेतल्या तालुक्यांत ज्वारी, बाजरी, तूर, करडई पिकते. ज्वारीचा कडबा दावणीला जातो. पण उसाचे पाचट, तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, करडईची काटेरी धाटे आणि ओढ्याकाठी माजलेली वेडी बाभूळ यांना बाजारात भाव नाही. त्यातले काही चुलीत जाते, उरलेले रानातच पेटवले जाते.

याच गावांत ट्रॅक्टरला डिझेल आणि दिव्याला रॉकेल मात्र वर्षानुवर्षे बाहेरून येत राहिले. ज्या रानात दर हंगामाला एवढे जळण तयार होते, त्या रानाच्या मालकाने तेलासाठी पैसे बाहेर का पाठवावेत, हा प्रश्न फलटणच्या एका लहान संस्थेने चार दशकांपूर्वी हाती घेतला आणि सोडला नाही. ती संस्था म्हणजे निंबकर ॲग्रिकल्चरल रिसर्च इन्स्टिट्यूट, अर्थात ‘नारी’. संस्थेचे पिकांवरचे आणि शेळ्या-मेंढ्यांवरचे काम मोठे आहे आणि त्याची माहिती अनेकांना आहे. या लेखात प्रामुख्याने तिच्या इंधनविषयक कामाचा इतिहास मांडला आहे, कारण आज देशभर ज्याची चर्चा चालली आहे त्याची बरीचशी पूर्वतयारी फलटणमध्ये होऊन गेलेली आहे.

स्थापना

बनबिहारी विष्णू निंबकर हे संस्थेचे संस्थापक. त्यांच्या आई कमलाबाई निंबकर या मूळच्या अमेरिकेतल्या एलिझाबेथ लुंडी. भारतात ऑक्युपेशनल थेरपीचा पाया घालणाऱ्या म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. १९५० मध्ये मुंबईत या विषयाचे पहिले विद्यालय त्यांनी सुरू केले. बनबिहारींच्या पत्नी जाई निंबकर या इंग्रजीतून लिहिणाऱ्या कादंबरीकार आणि इरावती कर्वे यांच्या कन्या. ज्ञान आणि समाज यांची सांगड घालण्याची अशी परंपरा घरात असताना बनबिहारींनी अमेरिकेत शेतीचे शिक्षण घेतले आणि परत येऊन कर्मभूमी म्हणून फलटण निवडले. त्यांनी स्वतः शेती केली आणि बियाण्यांचा व्यवसाय उभारला. संशोधनासाठी १९६८ मध्ये विनानफा तत्त्वावर ही संस्था स्थापन केली.

फलटण तेव्हा नुकतेच संस्थानी काळातून बाहेर पडलेले तालुक्याचे गाव होते. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्याने तालुक्याचा एक भाग बागायती झाला होता, साखरवाडीचा साखर कारखाना चालू होता, आणि कालव्याच्या वरच्या अंगाला कोरडवाहू माळ तसाच होता. बागाईत आणि जिराईत असे दोन्ही प्रकार एकाच तालुक्यात असल्याने संशोधनासाठी ही जागा फार उपयोगाची ठरली. फलटण-लोणंद रस्त्यावरच्या तांबमळात संस्थेने आपले ठाण मांडले.

पहिल्या काळात कापूस, करडई आणि ज्वारी ही कामे प्रमुख होती. करडईच्या काट्यांमुळे काढणीला मजूर मिळेनात, म्हणून बिनकाट्याचे वाण काढण्यावर भर दिला गेला. पुढे मेंढ्यांच्या जुळ्या पिलांसाठी बंगालच्या गरोळ जातीतील जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही जात तयार झाली. या सगळ्या कामांमागे विचार एकच होता. शेतकऱ्याच्या हातात जे आहे त्यातूनच त्याचे उत्पन्न कसे वाढेल, हे पाहायचे. इंधनाचे कामही याच विचारातून निघाले.

ऊर्जेचे काम सुरू झाले

१९८१ मध्ये डॉ. अनिल राजवंशी फलटणला आले. कानपूरच्या आयआयटीत शिक्षण आणि अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठातून १९७९ मध्ये पीएच.डी. झालेला अभियंता तालुक्याच्या गावात येऊन राहतो, ही त्या काळी विरळाच गोष्ट. १९७० च्या दशकात खनिज तेलाच्या किमती भडकल्यानंतर जगभर पर्यायी ऊर्जेचा शोध चालू होता. भारतात १९८२ मध्ये केंद्र सरकारने अपारंपरिक ऊर्जेसाठी स्वतंत्र विभाग काढला. राजवंशींनी संस्थेत ऊर्जा विभाग उभा केला. डॉ. नंदिनी निंबकर यांचे पिकांवरचे संशोधन आणि राजवंशींचे यंत्रांवरचे काम शेजारी शेजारी चालू लागले. पीक वाढवणारा आणि त्याचे इंधन करणारा एकाच आवारात बसत असल्यामुळे पुढचे अनेक प्रयोग शक्य झाले. एकीकडे वाण बदलले की दुसरीकडे लगेच त्याच्या धाटांचा रस तपासता येई.

सुबाभळीचे लाकूड आणि पाण्याचा पंप

सुरुवात लाकडापासून झाली. त्या काळात सुबाभळीची हवा होती. मणिभाई देसाई यांच्या उरुळी कांचनच्या ‘बाएफ’ संस्थेने हवाई बेटांवरून आलेल्या जलद वाढणाऱ्या वाणांचा प्रसार केला होता. पाला जनावरांना, लाकूड जळणाला, मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्र, असा तिहेरी फायदा सांगितला जाई. पण सुबाभळीचे लाकूड बारीक असते, फर्निचरला उपयोगी पडत नाही. अशा कमी किमतीच्या लाकडाचे करायचे काय?

‘नारी’ने त्या लाकडाचा वायू करून त्यावर शेतीपंप चालवला. लाकडाचे तुकडे अपुऱ्या हवेत जाळले तर ते पूर्ण जळत नाहीत. आधी त्यांतले पाणी निघते, मग वाफा निघतात, आणि शेवटी तापलेल्या कोळशावरून जाताना कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांचे मिश्रण तयार होते. हा प्रोड्युसर गॅस. यात निम्म्याच्या आसपास नायट्रोजन असल्यामुळे त्याचे उष्णतामूल्य नैसर्गिक वायूच्या जेमतेम आठव्या हिश्शाएवढे असते, तरी इंजिन त्यावर चालते. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले तेव्हा युरोपात लाखो वाहने लाकडाच्या वायूवर धावली, आणि आपल्याकडेही कोळशाच्या गॅसवरच्या मोटारी रस्त्यावर दिसत.

संस्थेने वरून उघडा असलेला, लाकडाचा वायू करणारा गॅसिफायर बनवून तो ३.७५ किलोवॅटच्या, म्हणजे ५ अश्वशक्तीच्या डिझेल पंपसंचाला जोडला. हा आकार मुद्दाम निवडलेला होता. किर्लोस्करवाडीच्या मुलुखात विहिरीवरचा पंप म्हटला की पाच अश्वशक्तीचाच डोळ्यांपुढे येतो. गॅसिफायरवरचा अनुभव राजवंशी आणि त्यांचे सहकारी एम. एस. जोशी यांनी १९८९ मध्ये ‘बायोमास’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्याआधी १९८६ मध्ये अमेरिकेत निघालेल्या शेतीतील पर्यायी ऊर्जेवरच्या ग्रंथात राजवंशींनी लिहिलेले गॅसिफिकेशनवरचे प्रकरण आजही जगभरचे विद्यार्थी वाचतात.

प्रयोगातून अडचणीही कळल्या. वायूबरोबर डांबर येते. ते इंजिनाच्या झडपांना चिकटते, म्हणून वायू थंड करून, धुऊन, गाळून घ्यावा लागतो. लाकूड ठरावीक मापाचे आणि सुके लागते. शेतकऱ्याला पंप सुरू करायला दोन मिनिटे पुरतात, गॅसिफायर मात्र पेटवावा लागतो, राखावा लागतो. वायू साठवता येत नाही, कॅनमधून नेता येत नाही. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुबाभळीवर सिलिड किडीचा मोठा प्रादुर्भाव झाला आणि एकाच झाडावर सगळी भिस्त ठेवण्यातला धोका साऱ्या देशाला कळला. या अनुभवातून संस्थेने एक निष्कर्ष काढला. ग्रामीण माणसाला इंधन द्यायचे तर ते द्रवरूप असले पाहिजे. बाटलीत भरता येईल, दिव्यात ओतता येईल, विकता येईल, असे.

लाकडातून तेल काढणे अवघड का

इथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. लाकूड, पाचट, तुराटी यांची घडण एकाच प्रकारची असते. त्यांत साधारण ४० ते ५० टक्के सेल्युलोज, २० ते ३० टक्के हेमिसेल्युलोज आणि जवळजवळ तितकेच लिग्निन असते. सेल्युलोज म्हणजे साखरेच्या रेणूंची लांबच लांब साखळी. ती तोडली की साखर मिळते आणि साखर आंबवली की अल्कोहोल. फ्रान्समध्ये आंरी ब्राकॉनो याने १८१९ मध्येच चिंध्यांवर गंधकाम्लाची प्रक्रिया करून साखर काढून दाखवली होती. पण लिग्निनने ही साखळी घट्ट बांधून ठेवलेली असते. त्यामुळे आधी आम्ल किंवा दाबाखालची वाफ वापरून बांधणी सैल करायची, मग महागडी विकरे वापरायची, असा खर्चाचा मार्ग घ्यावा लागतो.

दुसरा मार्ग उष्णतेचा. हवा न देता लाकूड तापवले की कोळसा, वायू आणि द्रव मिळतात. म्हैसूर संस्थानाच्या भद्रावती लोखंड कारखान्यात १९२० च्या दशकात लाकडाच्या ऊर्ध्वपातनातून कोळशाबरोबर मेथिल अल्कोहोल आणि डांबर काढले जाई. बारीक केलेले लाकूड सुमारे ५०० अंश सेल्सियसला काही क्षणांत तापवून वाफा झटकन थंड केल्या तर वजनाच्या ६० ते ७५ टक्के इतका द्रव मिळू शकतो. यालाच पायरोलिसिस तेल म्हणतात. मात्र त्यात पाणी बरेच असते, ते आम्लधर्मी असते, ठेवले की घट्ट होत जाते, डिझेलमध्ये मिसळत नाही, आणि त्याचे उष्णतामूल्य डिझेलच्या निम्म्याहून कमी असते. भट्टीत ते जळते, पण ट्रॅक्टरमध्ये घालायचे तर त्यावर आणखी प्रक्रिया करावी लागते.

तिसरा मार्ग म्हणजे वायू करून उत्प्रेरकाच्या साहाय्याने त्याचे तेल करणे. जर्मनीत १९२५ च्या सुमारास फिशर आणि ट्रॉप्श यांनी तो शोधला. त्याला मोठे, भांडवली कारखाने लागतात.

१९८० च्या दशकात फलटणसारख्या ठिकाणी यांतला एकही मार्ग लगेच घेण्यासारखा नव्हता. म्हणून संस्थेने प्रश्नच वेगळ्या बाजूने घेतला. ज्या धाटात साखर रसाच्याच रूपात आहे असे पीक घ्यायचे, रसाचे अल्कोहोल करायचे आणि धाटाचा चोथा जळणाला वापरायचा.

गोड ज्वारी

ज्वारी ही आपल्या दुष्काळी पट्ट्याची अन्नदात्री. हुरड्याच्या दिवसांत काही धाटे चोखायला गोड लागतात, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. अमेरिकेत काकवी करण्यासाठी गोड ज्वारीचे स्वतंत्र वाण जोपासले गेले होते. त्यांच्या धाटात रस भरपूर, पण दाणा खाण्यायोग्य नव्हता. डॉ. नंदिनी निंबकर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन गोड ज्वारीचा संकर आपल्या दाण्याच्या ज्वारीशी केला. कणीस घरात भाकरीला यावे, पाला जनावरांना मिळावा आणि धाटातून रस निघावा, असे पीक त्यांना हवे होते. त्यातून ‘मधुरा’ या नावाने ओळखले जाणारे वाण तयार झाले.

हा विचार महत्त्वाचा होता. जगभर जैवइंधनावर एकच आक्षेप घेतला जातो, की अन्नाच्या जमिनीवर इंधन पिकवले जाते. इथे दाणा माणसाचाच राहत होता. उसाला बारा ते अठरा महिने लागतात, ज्वारी चार महिन्यांत तयार होते आणि पाणी उसाच्या तुलनेत फार कमी घेते. या रसात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जास्त असल्याने त्याची साखर नीट पडत नाही, गूळही घट्ट धरत नाही. पण अल्कोहोलसाठी तो उत्तम. संस्थेने त्याची काकवीही करून पाहिली, आणि गुऱ्हाळाच्या साधनांत थोडा बदल करून ती चांगली होते हे दाखवून दिले.

सूर्याच्या उष्णतेवर अल्कोहोल

रस आंबवला की त्यात सहा-आठ टक्के अल्कोहोल असते, बाकी पाणी. ते वेगळे काढण्यासाठी ऊर्ध्वपातन करावे लागते, आणि त्यात इतके जळण जाते की काही वेळा मिळालेल्या इंधनापेक्षा खर्चलेलेच जास्त होते. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीकडे बगॅस आणि वाफ असते, खेड्यातल्या लहान संचाकडे ती नसते.

अल्कोहोल ७८ अंश सेल्सियसला उकळते आणि सपाट सौर संकलकातून मिळणारे पाणी त्याच्या आसपास तापते, हे लक्षात घेऊन राजवंशींनी सौर उष्णतेवर चालणारा ऊर्ध्वपातन संच उभा केला. ३८ चौरस मीटर संकलक, गरम पाण्याची साठवण टाकी आणि ऊर्ध्वपातनाचा स्तंभ अशी त्याची रचना होती. दिवसाला ३० ते ४० लिटर अल्कोहोल काढण्याची त्याची क्षमता होती. दिवसा साठवलेल्या गरम पाण्यावर ऊन उतरल्यानंतरही काम चालू ठेवता येई. अशा प्रकारचे प्रयोग तेव्हा जगात मोजकेच झाले होते. शेत, रस, आंबवण आणि ऊन, एवढ्यावर द्रवरूप इंधन तयार होते हे फलटणच्या माळावर सिद्ध झाले.

दिवा, चूल आणि कायदा

इंधन तयार झाले, पण ते वापरायचे कशात? मोटारीच्या पेट्रोलमध्ये मिसळायला ९९ टक्क्यांहून शुद्ध अल्कोहोल लागते आणि तेवढी शुद्धता लहान संचात परवडत नाही. म्हणून संस्थेने दिव्याचा आणि चुलीचा विचार केला. रॉकेलच्या कंदिलाचा प्रकाश मिणमिणता आणि चुलीचा धूर बायकांच्या छातीत, हे तर रोजचेच होते. गॅसबत्तीत जाळी तापून लख्ख प्रकाश पडतो, पण तिला दाब लागतो आणि ती भडकण्याची भीती असते. संस्थेने कमी दाबावर चालणारा, रॉकेलवर तसेच अल्कोहोलवरही पेटणारा ‘नूरी’ कंदील तयार केला. नंतर निम्मे अल्कोहोल आणि निम्मे पाणी अशा मिश्रणावर चालणारा स्टोव्ह बनवला. पाणी मिसळलेले असल्याने भडका उडण्याची भीती कमी, आणि इतके कमी तीव्रतेचे अल्कोहोल काढायला ऊर्ध्वपातनाचा खर्चही कमी. पुढे दिवा आणि चूल एकत्र केलेले ‘लॅनस्टोव्ह’ हे उपकरण आले. फलटण परिसरातल्या झोपड्यांमध्ये ते वापरून पाहण्यात आले. एकाच इंधनावर संध्याकाळचा स्वयंपाक, उजेड आणि थोडे गरम पाणी मिळत असे.

पण अल्कोहोल हा राज्यांच्या उत्पादन शुल्काचा विषय आहे आणि महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. निम्मे पाणी असलेले अल्कोहोल पिण्यासाठी वळवले जाईल ही सरकारी भीती अनाठायी म्हणता येत नाही. परंतु त्या भीतीपोटी घरगुती इंधन म्हणून त्याला वाटच मिळाली नाही. चव कडू करणारी द्रव्ये मिसळून हा धोका कमी करता येतो, असे संस्थेने वारंवार मांडले. दुसऱ्या बाजूला रेशनवरचे रॉकेल सरकारी अनुदानावर स्वस्त मिळत होते, त्याच्याशी खेड्यात बनलेले इंधन स्पर्धा करू शकत नव्हते. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि स्वयंपाकाचा गॅस घरोघर पोहोचू लागला. चुलीच्या धुरापासून सुटका झाली हे फार चांगले झाले. पण त्या गॅसचा मोठा हिस्सा आयात होतो. गावातले जळण रानात जळते आणि चुलीचा पैसा बाहेर जातो, हे गणित बदलले नाही.

पाचटाकडे वळण

गोड ज्वारी नवे पीक होते, पाचट तर आधीच रानात पडलेले होते. एका हेक्टर उसातून साधारण ८ ते १० टन सुके पाचट निघते. सातारा, सांगली आणि कोल्हापूर या पट्ट्यात तोडणीच्या हंगामात ते पेटवण्याची रीत जुनी आहे. पाचट हलके, फुललेले आणि राखेने भरलेले असते, त्यामुळे लाकडाच्या गॅसिफायरमध्ये ते अडकते. मग १९९० च्या दशकात संस्थेने पाचट, बगॅस, बाजरीची आणि गोड ज्वारीची धाटे घेऊ शकणारा वेगळा गॅसिफायर तयार केला. तासाला १०८० मेगाज्यूल, म्हणजे सुमारे ३०० किलोवॅट उष्णता देण्याची त्याची क्षमता होती. प्रयोगशाळेत ७०० तासांहून अधिक वेळ तो चालवून पाहिला आणि नंतर एका धातुउद्योगातील तेलावर चालणाऱ्या भट्टीला जोडला. इंधनाच्या वजनाच्या सुमारे २४ टक्के कोळसाही मिळाला. राजवंशी आणि आर. एम. जोरापूर यांनी हे काम १९९७ मध्ये ‘बायोमास अँड बायोएनर्जी’ या नियतकालिकात मांडले. शहरांतल्या लहान भट्ट्यांत जाणारे तेल शेतातल्या पाचटाने वाचवता येते, याचा तो पुरावा होता.

पाचटावर फलटणच्या आसपास आणखीही काम झाले. एके काळी करडईवर ‘नारी’त संशोधन केलेले डॉ. आनंद कर्वे यांनी पुढे पुण्यात ‘आरती’ ही संस्था काढली. पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या बनवण्याच्या पद्धतीसाठी तिला २००२ मध्ये लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला.

या ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सगळे पाचट रानाबाहेर काढणे हिताचे नाही. खोडव्यात पाचट कुजवले की जमिनीत सेंद्रिय कर्ब वाढतो, ओलावा टिकतो. ज्यांना पाचट ठेवणे जमते त्यांनी ते ठेवावे. इंधनाला तेच घ्यावे जे एरवी पेटवले जाणार आहे. जमिनीचा कस घालवून केलेले इंधन स्वस्त म्हणता येणार नाही.

तालुका हे एकक

संस्थेने केलेल्या कामांत मला सर्वांत दूरदृष्टीची वाटते ती तालुक्याची कल्पना. १९९० च्या दशकात फलटण तालुक्याचा तपशीलवार अभ्यास झाला. तालुक्यात कोणती पिके किती, त्यांचा अवशेष किती, त्यातला जनावरांना किती जातो, विजेची आणि इंधनाची गरज किती, असा सारा हिशेब मांडला गेला. तालुक्याच्या गरजेपुरती ऊर्जा तालुक्यातच तयार होऊ शकते, असा निष्कर्ष राजवंशींनी १९९५ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त मांडला. केंद्र सरकारच्या धोरणविचारातही ही कल्पना पोहोचली.

देश एकक धरला तर आकडे प्रचंड दिसतात. भारतात वर्षाला सुमारे ६० कोटी टन शेती-अवशेष निघतात, असे राजवंशी सांगत आले. पण हा कचरा हलका असतो, तो शंभर किलोमीटर वाहून नेला तर वाहतुकीतच नफा संपतो. गाव एकक धरले तर यंत्र परवडत नाही. तालुका एवढा मोठा आहे की प्रकल्प चालेल, आणि एवढा लहान आहे की बैलगाडी-ट्रॅक्टरने माल पोहोचेल. आपल्याकडे सहकारी साखर कारखान्यांनी हेच गणित उसासाठी आधी सिद्ध केले होते. वसंतदादा पाटील यांनी सांगलीत आणि यशवंतराव मोहिते यांनी कराड तालुक्यात उभ्या केलेल्या कारखान्यांचे यश ठरावीक अंतरातल्या शेतकऱ्यांच्या मालावर उभे राहिले. तीच रचना पाचट-तुराट्यांसाठी वापरता येईल, असा या कल्पनेचा अर्थ.

आजची स्थिती

२००३ मध्ये देशातल्या काही राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्यास सुरुवात झाली. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने पिकांचे अवशेष आणि लाकडासारख्या कच्च्या मालाला विशेष स्थान दिले. २०१९ च्या ‘जी-वन’ योजनेने अशा प्रकल्पांना आर्थिक आधार दिला. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजच्या तंत्रावर आधारलेला इंडियन ऑइलचा पानिपतचा प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी देशाला अर्पण झाला. वर्षाला सुमारे २ लाख टन भाताच्या पेंढ्यापासून ३ कोटी लिटर इथेनॉल, असे त्याचे उद्दिष्ट आहे. आसाममध्ये नुमालीगडला बांबूपासून इथेनॉल करणारा कारखाना उभा राहिला. लाकडासारख्या, धान्य न देणाऱ्या मालापासून द्रव इंधन ही आता प्रयोगशाळेतली गोष्ट राहिली नाही.

राजवंशींना २०२२ मध्ये पद्मश्रीने गौरवण्यात आले. त्याआधी २००१ मध्ये त्यांना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला होता. संस्थापक बनबिहारी निंबकर यांचे २०२१ मध्ये निधन झाले. त्यांनी लावलेले काम आज डॉ. नंदिनी निंबकर, डॉ. चंदा निंबकर आणि संस्थेतले इतर सहकारी पुढे नेत आहेत.

पुढे काय करावे

या इतिहासातून सातारा-सांगलीसाठी तीन गोष्टी ठामपणे सांगाव्याशा वाटतात. पहिली, माल गोळा करण्याची व्यवस्था यंत्रापेक्षा आधी उभी राहिली पाहिजे. तुराटी, पऱ्हाटी, वेडी बाभूळ आणि जाळले जाणारे पाचट तालुका केंद्रावर वजनाने विकत घेतले जाईल, पैसे वेळेवर मिळतील, अशी हमी शेतकऱ्याला असली तर तो ते पेटवणार नाही. दुसरी, लहान प्रमाणावर चालणाऱ्या तंत्रांना मोठ्या कारखान्यांइतकाच सरकारी आधार हवा. लहान पायरोलिसिस संच, भट्टीसाठीचे गॅसिफायर आणि त्यांतून निघणारा कोळसा शेतात परत घालण्याची पद्धत, हे सारे तालुक्यात चालण्यासारखे आहे. तिसरी, इंधनातल्या नफ्याचा वाटा शेतकऱ्याला मिळाला पाहिजे. नाहीतर पाचट हा केवळ आणखी एक स्वस्त कच्चा माल होईल आणि रान पुन्हा तोट्यात राहील.

फलटणच्या संस्थेकडे मोठे भांडवल नव्हते आणि तिच्या अनेक प्रयोगांना बाजाराची किंवा कायद्याची साथ मिळाली नाही. तरीही तिने प्रत्येक टप्प्यावर काय चालते आणि काय चालत नाही याची नोंद ठेवली, ती प्रसिद्ध केली आणि पुढच्या माणसाला ती वापरता येईल अशी ठेवली. संशोधन संस्थेकडून समाजाने याहून अधिक काही मागू नये. आता तालुक्याच्या पातळीवर ते काम उभे करणे ही आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या सहकारी संस्थांची, शेतकरी कंपन्यांची आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांची जबाबदारी आहे, आणि ती घेण्यासाठी लागणारे बहुतेक ज्ञान याच मातीत आधीच तयार झालेले आहे.